फोन उचलणाऱ्या ताईंचं ऐकणार कोण?

मैत्रिणींनो, ११२ हा नंबर आता बहुतेक घरांत माहीत झाला आहे. पोलिसांच्या गाडीवर तो लिहिलेला असतो, शाळेत मुलींना तो पाठ करायला सांगतात, महिला दिनाच्या कार्यक्रमात पाहुणे तो हमखास सांगतात. पण नंबर लावल्यावर पलीकडून बोलणारी व्यक्ती कोण, ती कुठे बसते, तिला पगार कोण देतं, तिची ड्यूटी किती तासांची, याचा विचार आपण कधी करतो का? खरं सांगायचं तर नाही करत. मदत मिळाली की आपण पोलिसांचे आभार मानतो, नाही मिळाली की पोलिसांना नावं ठेवतो. मधली ती बाई कुणाच्या गणतीतच नसते.

आज तिच्याविषयीच लिहायचं आहे. प्रश्न अगदी रोखठोक आहे. पोलिसांच्या मदतीसाठी येणारे फोन घेणाऱ्या आणि गाड्या पाठवणाऱ्या या लोकांची स्वतःची वेगळी संघटना असावी का? पगार, पाळ्या, रजा यांची बोलणी करायला त्यांना स्वतंत्र टेबल मिळावं का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे. का, ते सांगते.

आधी हे काम काय आहे ते बघू. महाराष्ट्रात ११२ची सेवा २०२१ साली सुरू झाली. नवी मुंबई आणि नागपूर इथे तिची मोठी केंद्रं आहेत. फोन तिथे घेतला जातो, माहिती त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो. ऐकायला सोपं वाटतं. पण फोन करणारी बाई रडत असते, कधी बाथरूमची कडी लावून कुजबुजत असते, कधी नुसताच आरडाओरडा ऐकू येतो आणि शब्द एक नाही. अशा वेळी पलीकडच्या बाईने एका हाताने टाइप करायचं, कानाने ऐकायचं, तोंडाने धीर द्यायचा आणि आधी पत्ता काढून घ्यायचा. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढ्यावरून गाव कोणतं, तालुका कोणता, हे शोधायचं. त्यात थट्टेचे, शिवीगाळीचे आणि अश्लील फोन येतात ते वेगळेच. तेही शांतपणे ऐकून घ्यायचे, कारण पुढचा फोन खरा असू शकतो.

मी तालुक्याच्या गावात घरच्या छळाला कंटाळून आलेल्या बायकांबरोबर काम करते. त्यांच्यापैकी काही जणींनी मला सांगितलं आहे की, गाडी येईपर्यंत फोनवरची बाई बोलत राहिली म्हणून त्यांना धीर आला. त्या बाईचं नाव यांना माहीत नाही. आणि पुढे काय झालं, हे त्या बाईला माहीत नाही. गाडी पोचली की तिचा संबंध संपला. लगेच पुढचा फोन.

आता जरा लखनौची गोष्ट सांगते. उत्तर प्रदेशात २०१६च्या नोव्हेंबरमध्ये ही सेवा १०० नंबरवर मोठ्या प्रमाणात सुरू झाली आणि २०१९मध्ये तिचा नंबर ११२ झाला. तिथे फोन घेणाऱ्या बहुतेक मुली. नेमणूक पोलीस खात्याची नाही, तर खात्याने ज्या कंपनीला काम दिलं तिची. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये कंपनी बदलली आणि मुलींच्या मनातली सारी खदखद बाहेर आली. महिन्याला हातात अकरा-बारा हजार रुपये पडत होते, अनेक वर्षांत म्हणावी तशी वाढ नव्हती. अठरा हजार द्या आणि नव्या कंपनीचं नेमणूकपत्र हातात द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर शेकडो मुली लखनौच्या थंडीत धरण्याला बसल्या. त्यांना तिथून हलवलं गेलं, त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला आणि त्याच दिवसांत ११२च्या प्रमुखपदावरचा अधिकारीही बदलला गेला.

यातलं मर्म लक्षात घ्या. ज्यांनी संकटात सापडलेल्यांसाठी रात्रंदिवस पोलीस बोलावले, त्यांना उठवायलाही पोलीसच आले. आणि त्यांनी बोलायचं कुणाशी? पोलीस खातं म्हणणार, तुम्ही आमच्या नाही, कंपनीच्या. जुनी कंपनी म्हणणार, आमचं कंत्राट संपलं. नवी म्हणणार, आम्ही तर आत्ताच आलो. कामाच्या वेळी मात्र या मुली पूर्णपणे पोलिसांच्या: शिस्त पोलिसांची, गुप्तता पोलिसांची, चूक झाली तर जाब पोलिसांचा. मेहनतान्याची वेळ आली की त्या ठेकेदाराच्या.

बरं, ज्या ठिकाणी गणवेशातल्या पोलीस भगिनीच हे काम करतात, तिथे तर संघटनेचं नावच काढायचं नाही. १९६६च्या पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणाऱ्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना सरकारच्या मंजुरीशिवाय कामगार संघटनेचं सभासद होता येत नाही. राज्यघटनेच्या ३३व्या कलमाने संसदेला तसे निर्बंध घालायचा अधिकार दिला आहे. म्हणजे एका बाजूला बोलायची बंदी असलेल्या पोलीस भगिनी आणि दुसऱ्या बाजूला कुणाशी बोलायचं तेच माहीत नसलेल्या कंत्राटी मुली.

या प्रश्नावर आपल्याकडे अजून धड चर्चाही सुरू झालेली नाही. पण अमेरिकेत तो गेली पन्नास-साठ वर्षं घासूनपुसून बघितला गेला आहे. म्हणून थोडं तिकडे डोकावू या. तिथला मदतीचा नंबर ९११. त्यावरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात केला गेला. आज तिथे वर्षाला सुमारे २४ कोटी फोन येतात असा अंदाज सांगतात. फोन घेणाऱ्या, गाड्या पाठवणाऱ्या माणसांना तिकडे ‘डिस्पॅचर’ म्हणतात आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत.

तर अमेरिकन सरकारने देशातल्या सगळ्या कामांची एक मोठी यादी केलेली आहे. त्या यादीत पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान ‘संरक्षण सेवा’ या गटात येतात. त्याच गटात पोहण्याच्या तलावावरचे जीवरक्षक येतात आणि गाड्यांच्या पार्किंगवर लक्ष ठेवणारे कर्मचारीसुद्धा येतात. डिस्पॅचर मात्र येत नाहीत! २०१८च्या सुधारित यादीतही त्यांना ‘ऑफिस आणि प्रशासकीय साहाय्य’ या गटातच ठेवलं, म्हणजे सेक्रेटरी आणि टायपिस्ट यांच्या रांगेत. हे बदलावं म्हणून २०१९ साली तिथल्या संसदेत विधेयक मांडलं गेलं. काही राज्यांनी आपल्यापुरतं त्यांना संकटात प्रथम धावणाऱ्यांमध्ये धरलं.

नावात काय आहे, असं म्हणू नका. आपल्या आशाताईंना विचारा. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हटलं, म्हणून पगाराचं ‘मानधन’ झालं. अंगणवाडी सेविकांचंही तेच. डिसेंबर २०२३मध्ये सुरू झालेला त्यांचा संप पन्नास दिवसांच्या वर चालला, तेव्हा कुठे सरकारदरबारी हालचाल झाली. कामाला नाव काय दिलं जातं, यावर पगाराचा आकडा ठरतो. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकड्यांप्रमाणे २०२४ साली डिस्पॅचरचा मधला वार्षिक पगार ५० हजार डॉलरच्या आसपास होता आणि पोलीस व तपास अधिकाऱ्यांचा ७७ हजारांच्या आसपास. मला हे दोन्ही पगार सारखे करा असं म्हणायचं नाही. रस्त्यावर गोळी झेलायला उभं राहणं वेगळंच. पण कानाने झेललेलं कमी असतं का?

२०१२ साली अमेरिकेतल्या नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २४ राज्यांतल्या १७१ डिस्पॅचरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की, आघातानंतर मनावर होणारा जो गंभीर परिणाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांत, पोलिसांत दिसतो, त्याची लक्षणं या खुर्चीत बसणाऱ्यांतही आढळतात. सगळ्यांत जिव्हारी लागणारे फोन लहान मुलाच्या अचानक मृत्यूचे किंवा दुखापतीचे, असं अनेकींनी सांगितलं. प्रत्यक्ष काही न बघताही मन जखमी होतं, हे आपल्याला सांगायला खरं म्हणजे कुठल्या विद्यापीठाची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत पगार आणि कामाच्या अटींची बोलणी करायला कामगारांचे गट पाडतात. त्याला ‘बार्गेनिंग युनिट’ म्हणतात, आपण ‘वाटाघाटीचा गट’ म्हणू. ज्यांचं काम सारखं, पाळ्या सारख्या, अडचणी सारख्या, ते एका गटात. हा गट मतदानाने आपली संघटना निवडतो आणि मग मालकाला तिच्याशी बोलावंच लागतं. सरकारी नोकरांना १९३५च्या केंद्रीय कायद्याने यातून वगळलं, त्यामुळे प्रत्येक राज्याची रीत निराळी. नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यात तर १९५९पासून सरकारी नोकरांशी असे करार करायलाच बंदी आहे.

मग डिस्पॅचरना कोणत्या गटात बसवायचं? एक मत असं की, पोलिसांबरोबर. पोलिसांच्या संघटनेचा शहरात दबदबा असतो, त्याचा फायदा यांनाही मिळेल. पण गटात पोलीस शंभर आणि डिस्पॅचर दहा असले की काय होतं, ते एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला सांगायला नको. सगळ्यांच्या वतीने थोरले दीर बोलायला बसतात. शेताचं होतं, विहिरीचं होतं, ट्रॅक्टरचं होतं आणि धाकट्या सुनेच्या माहेरपणाचा विषय निघेपर्यंत माणसं चहा पिऊन उठतात. शिवाय न्यू जर्सीसारख्या राज्यात कायद्यानेच पोलिसांना बिगरपोलीस सभासद असलेल्या संघटनेत जायला मनाई आहे. तिथे हा रस्ता बंदच.

दुसरं मत असं की, नगरपालिकेतल्या इतर कर्मचाऱ्यांबरोबर. पण पाणीपट्टी घेणाऱ्या कारकुनाला संध्याकाळी घरी जायचं असतं आणि सणाची सुट्टी ठरलेली असते. त्याच्या अडचणी खोट्या नाहीत, पण वेगळ्या आहेत. रात्रपाळीनंतर लगेच सकाळच्या पाळीला बोलावू नका, पोराच्या मृत्यूचा फोन घेतल्यावर मला दहा मिनिटं खुर्चीवरून उठू द्या, या मागण्या त्या टेबलावर मांडल्या तर बाकीच्यांना त्या कळणारसुद्धा नाहीत.

आणि एकदा ‘इतर कर्मचारी’ म्हणून शिक्का बसला की तो फार महागात पडतो. विस्कॉन्सिन राज्याने २०११ साली कायदा करून बहुतेक सरकारी नोकरांचा वाटाघाटीचा हक्क मूळ पगारापुरता मर्यादित केला, तोही महागाईच्या मर्यादेत. पोलीस आणि अग्निशमन दल त्यातून वगळले, कारण त्यांचं काम जनतेच्या सुरक्षेचं. त्यांना निरोप देणाऱ्या नागरी डिस्पॅचर मात्र त्या सवलतीत बसल्या नाहीत.

म्हणून तिसरी वाट: त्यांचा स्वतःचा गट. इथे लगेच पहिली शंका येते. संघटना झाली की संप आलाच, आणि पोलिसांचा फोन बंद पडला तर? शंका रास्त आहे. १८ ऑगस्ट १९८२ला मुंबईत पोलीस शिपायांचं आंदोलन पेटलं, त्यांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, शहरात जाळपोळ आणि लूट झाली, लष्कर बोलवावं लागलं. त्याच्याही आधी, १९१९ साली, अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये अकराशेहून जास्त पोलीस संपावर गेले आणि त्यांच्या नोकऱ्याच गेल्या. ११२चा फोन एक तासही बंद राहून चालणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. तो फोन कुणाला लागतो, हे आम्हा बायकांना जास्त ठाऊक आहे.

पण यावरही तोडगा निघालेला आहे. ओरेगॉन राज्याच्या कायद्यात पोलीस आणि अग्निशमन दलाबरोबर तातडीच्या फोनवरच्या कर्मचाऱ्यांनाही संपाची बंदी आहे. मात्र त्या बदल्यात, बोलणी फिसकटली तर प्रकरण तटस्थ लवादापुढे जातं आणि त्याचा निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो. मिशिगन राज्यात पोलीस आणि अग्निशमन दलासाठी असा लवादाचा कायदा १९६९ साली झाला आणि पुढे त्यात तातडीच्या फोनवरचे ऑपरेटरही घेतले गेले. फक्त अट अशी की, ते थेट पोलीस किंवा अग्निशमन खात्याच्या नोकरीत असले पाहिजेत. या ‘थेट’ शब्दाकडे नीट बघा. लखनौच्या मुलींचं घोडं इथेच तर अडलं होतं!

संप करू नका म्हणायचं आणि दाद मागायला दुसरी जागाही द्यायची नाही, हा न्याय झाला नाही. तोंड बांधून बुक्क्यांचा मार, असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. संपाचा हक्क काढून घेता, तर लवादाचा हक्क द्या.

दुसरी शंका संख्येची. एखाद्या केंद्रात दहा-बाराच माणसं असतील तर त्यांच्या एवढ्याशा गटाला कोण भीक घालणार? हेही खरं आहे. पण गट आणि संघटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत डिस्पॅचरचे कितीतरी गट टीमस्टर्स किंवा एएफएससीएमईसारख्या मोठ्या कामगार संघटनांशी जोडलेले आहेत. वकील, हिशेब, अनुभव मोठ्या संघटनेचा आणि टेबलावर मांडलेल्या मागण्या आपल्या. आपल्या बचत गटांचं तरी दुसरं काय? गट दहा-बारा जणींचा, निर्णय त्यांचा, आणि बँकेत जाताना पाठीशी महासंघ.

वेगळं बसल्याने ताकद कमी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अहमदाबादच्या ‘सेवा’कडे बघावं. तिथल्या गिरणी कामगारांच्या मजूर महाजन या मोठ्या संघटनेचा एक महिला विभाग होता. इला भट्ट यांनी १९७२ साली फेरीवाल्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांची स्वतंत्र संघटना नोंदवायची ठरवली, तेव्हा नोंदणी करणाऱ्यांनाच प्रश्न पडला की, यांना मालकच नाही तर संघटना कसली? तरी नोंदणी झाली. १९८१ साली मजूर महाजनने त्यांना बाहेर काढलं. ‘सेवा’ त्यानंतरच जास्त फोफावली आणि आज तिच्या सभासद लाखांत मोजल्या जातात. आपल्या अडचणी आपण मांडल्या की त्या अडचणी म्हणून ओळखल्या जातात, हा त्यातला धडा.

मग आपल्याकडे काय व्हावं? पहिली गोष्ट, कंत्राटी असोत की कायम, फोन घेणाऱ्या आणि गाड्या पाठवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वेगळा वर्ग सरकारने मान्य करावा. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्याप्रमाणे आस्थापनेत एकाहून जास्त संघटना असतील तर ५१ टक्के कामगार ज्या संघटनेत, तिला एकटीला बोलणी करायचा हक्क, आणि तसं कुणी नसेल तर वाटाघाटीची परिषद. ठेकेदाराच्या आस्थापनेत इतर कामांची शेकडो माणसं असतील, तर या मुलींचे ५१ टक्के कधी भरायचे? म्हणून त्यांचा गट वेगळा धरायला हवा.

दुसरी गोष्ट, बोलणीच्या टेबलावर कंपनीबरोबर पोलीस खात्याचा अधिकारीही बसला पाहिजे. पैसा शेवटी सरकारच्या तिजोरीतून येतो. कंपनी बदलली तरी आधीची नोकरी, पगार आणि रजा पुढे चालू राहतील, हे कंत्राटातच लिहून घ्यावं.

तिसरी गोष्ट गणवेशातल्या भगिनींची. १९६६चा कायदा मंजुरीशिवाय संघटना नको म्हणतो, मंजुरी देऊच नका असं म्हणत नाही. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे आणि तिथला कारभार काही थांबलेला नाही. निदान नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांसाठी, त्यांनीच निवडलेल्या प्रतिनिधींची समिती तरी असावी. दोन पाळ्यांमधली विश्रांती, रात्री घरी सोडायला गाडी, घाणेरडे फोन करणाऱ्यांवर कारवाई आणि जिवाला लागणाऱ्या फोननंतर समुपदेशन, हे विषय तिने दर महिन्याला मांडावेत आणि वरिष्ठांनी त्यावर लेखी उत्तर द्यावं.

यात आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. सलग पाळ्या करून थकलेली, पगाराच्या काळजीने पोखरलेली मुलगी फोनवर असेल, तर आपली कुजबुज तिला नीट ऐकू येणार नाही. मुली सोडून जात राहिल्या तर दर वेळी नवी, अननुभवी मुलगी आपला फोन उचलेल.

म्हणून, मैत्रिणींनो, दोन गोष्टी आपण करू शकतो. घरातली पोरं मोबाइलवर खेळताना गंमत म्हणून ११२ लावत असतील तर त्यांना आजच समजावून सांगा. आणि तुमच्या गावात महिला सुरक्षेवर बोलायला आमदार, पोलीस अधिकारी येतील तेव्हा हार-तुऱ्यांचा कार्यक्रम आटोपला की उभं राहून विचारा, ‘साहेब, ११२चा फोन घेणाऱ्या मुलीला पगार किती, तो देतं कोण आणि तिची तक्रार ऐकतं कोण?’ उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.